पुण्यातल्या फ्लॅटचा फोटो एवढा उजळ कसा येतो? टोकन देण्याआधी हे समजून घ्या

पुणे : पोरगं पुण्यात नोकरीला लागलं की गावाकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फ्लॅटचे फोटो यायला लागतात. हॉल लख्ख उजळलेला, खिडकीबाहेर निळं आभाळ. हडपसरला किंवा वाघोलीला जाऊन बघितलं की तीच खोली लहान अन् अंधारी वाटते. दरवेळी ही फसवणूकच असते असं नाही. असे फोटो बहुतेकदा दोन-तीन फोटो एकत्र करून बनवतात.

कॅमेऱ्याची अडचण काय?

भर दुपारी मधल्या खोलीतून उघड्या दाराकडे मोबाईल धरा आणि स्क्रीनवर अंगणाला बोट लावा. अंगण नीट दिसेल, खोली काळी पडेल. आता खोलीतल्या भिंतीला बोट लावा. खोली दिसेल, पण दार पांढरंफटक होईल. आपला डोळा दोन्ही सांभाळतो, कॅमेऱ्याला एका फोटोत ते अवघड जातं.

फोटो कसा जुळवतात?

कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवून, जागा न हलवता तीन फोटो काढतात. एक नेहमीचा, दुसरा चौपट कमी उजेडाचा, तिसरा चौपट जास्त उजेडाचा. मग लाईटरूम किंवा फोटोशॉपमध्ये खिडकी गडद फोटोतून आणि अंधारे कोपरे उजळ फोटोतून घेतात. मोबाईलमधलं एचडीआर साधारण हेच काम आपोआप करतं.

युक्ती जुनीच आहे. फ्रान्सचे गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवरून, तर आभाळ दुसऱ्या निगेटिव्हवरून छापलं होतं.

खोली मोठी का दिसते?

ते काम वाईड अँगल लेन्सचं, म्हणजे मोबाईलमधल्या ०.५ चं. त्यावर सोपा उपाय म्हणजे फरश्या मोजा. बऱ्याच फ्लॅटमध्ये दोन बाय दोन फुटांच्या फरश्या असतात. भिंतीलगत पाच भरल्या तर खोली दहा फुटांची.

उजेड जुळवणं वेगळं आणि खिडकीसमोरची भिंत किंवा विजेच्या तारा पुसून तिथं आभाळ चिकटवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात घेणाऱ्याची दिशाभूल होते.

पैसे देण्याआधी

- भाड्याचा किंवा जुना फ्लॅट असेल तर दुपारी, दिवे बंद ठेवून व्हिडिओ कॉल करायला सांगा. दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीबाहेरही सलग दाखवायला लावा.
- नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. तो स्कॅन करून प्रकल्पाची नोंदणी बघा, फ्लॅटचा कार्पेट एरिया विचारून घ्या.
- रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.
- जाहिरातीचे फोटो आणि मेसेज जपून ठेवा. जाहिरातीत खोटी माहिती देऊन नुकसान झालं, तर याच कायद्यात भरपाईची तरतूद आहे.

फोटो बघून घर निवडायला हरकत नाही. टोकन मात्र घरात पाय ठेवल्यावरच द्यावं.