क्लचचे दुखणे आणि त्याचे निदान



जुन्या मोटरसायकलींना पुन्हा रस्त्यावर आणण्याचा नाद ज्यास लागतो, त्याच्या आयुष्यात एक विचित्र दिवस येतो. गाडीचा रंग झळकत असतो, इंजिनाचा ठोका घड्याळाप्रमाणे नियमित पडत असतो, आणि तरीही गाडी म्हणून तिचा काडीचा उपयोग होत नसतो. माझ्या वाट्यास हा दिवस 2019 सालच्या डिसेंबरात पसरणीच्या घाटात आला. त्या दिवसाची हकीगत हे आजच्या भाषणाचे निमित्त होय. विषय मात्र क्लचचा आहे.

गाडी माझ्या वडिलांची, साडेतीनशे सी.सी.ची बुलेट. 1955 साली मद्रास येथे एनफील्ड इंडियाने विलायतेहून आलेले भाग जोडून या गाड्या तयार करण्यास आरंभ केला. त्यानंतर बारा वर्षांनी, म्हणजे 1967 साली, आमची गाडी बाहेर पडली. पुढे वीस वर्षे ती मागील पडवीत गोणपाटाखाली उभी होती. ऐंशी वर्षे उलटल्यावर वडिलांनी एकदा तिच्यावर बसून वाईहून पाचगणीस जाण्याची इच्छा बोलून दाखविली, म्हणून मी ती एका कारखान्यात देऊन पूर्ववत करून घेतली. घाटातील एका उजव्या वळणावर इंजिन एकाएकी ओरडू लागले आणि गाडीचा वेग मात्र मंदावला. मागून मालाने लादलेला ट्रक चढत होता. मी कशीबशी गाडी कडेला घेतली. वडील खाली उतरले; काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरे, असे मला त्या वेळी वाटले.

कारखान्याने क्लचच्या सर्व तबकड्या, ज्यांना आपले मिस्त्री क्लचप्लेट म्हणतात, बदलून दिल्या. महिन्याभरात पुन्हा तेच. पुन्हा तबकड्या बदलल्या. आता घसरणे कमी झाले नाहीच, उलट सकाळी पहिला गिअर टाकताच गाडी जागच्या जागी हिसका देऊ लागली. तेवढ्यात 2020 सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. कारखाना बंद, सुटे भाग मिळणे बंद. जे द्रव्याने होत नव्हते ते आता विचाराने करणे भाग पडले.

प्रथम क्लच म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. दोन वह्यांची पाने एकाआड एक अशी परस्परांत गुंफावीत आणि वरून तळहाताने दाबावे. एक वही ओढली की दुसरीही तिच्याबरोबर ओढली जाते. हात उचलला की दोन्ही वह्या मोकळ्या होतात. क्लचमध्ये हेच घडते. काही तबकड्यांचे दात बाहेरच्या डब्यात अडकलेले असतात आणि हा डबा इंजिन साखळीच्या योगे फिरविते. त्यांच्या अधूनमधून असलेल्या तबकड्या आतील तुंब्यावर बसतात आणि तो तुंबा गिअरपेटीचा दांडा फिरवितो. स्प्रिंगा म्हणजे दाबणारा तळहात. आपण डाव्या हाताने लिव्हर ओढतो तेव्हा वायर ताणली जाते, गिअरपेटीच्या पोकळ दांड्यातून एक सळई पुढे सरकते आणि स्प्रिंगांचा दाब उचलून धरते. बुलेटमध्ये ही सारी मंडळी तेलात बुडालेली असते, हेही ध्यानात ठेवावे.

यावरून उघड होईल की, क्लचचे मुख्य रोग दोनच आणि ते परस्परविरुद्ध आहेत. दाब पुरेसा न पडणे, म्हणजे क्लच घसरणे, हा पहिला. दाब पुरेसा न उठणे, म्हणजे क्लच न सुटणे, हा दुसरा. पहिल्यात चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. दुसऱ्यात लिव्हर पूर्ण ओढूनही गाडी पुढे सरकू पाहते, गिअर खाडकन पडतो आणि उभ्या गाडीत न्यूट्रल सापडता सापडत नाही. वैद्याने ताप आणि शीत यांत घोटाळा केला तर औषधच विष होते, तसेच येथेही आहे. घसरणाऱ्या क्लचची वायर अधिक ताणली तर तो अधिकच घसरेल; न सुटणाऱ्याची वायर सैल केली तर तो मुळीच सुटणार नाही.

घसरणे ओळखण्याची एक घरगुती परीक्षा आहे. इंजिन बंद ठेवून, लिव्हर न ओढता, किक सावकाश दाबावी. या गाडीत किकचे बळ गिअरपेटीतून व क्लचमधूनच इंजिनाकडे जाते. पाय खाली गेला आणि इंजिन फिरले नाही, तर क्लचवर संशय घ्यावा. परंतु किकच्या दात्यांची झीज झाली असतानाही असाच अनुभव येतो. म्हणून गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, वरचा गिअर टाकावा आणि मागचे चाक हाताने फिरवावे. इंजिन त्याबरोबर फिरले तर क्लच बहुधा निर्दोष, दोष किकचा. चाक फिरले पण इंजिन स्तब्ध राहिले, तर मात्र क्लचच अपराधी होय. ही परीक्षा इंजिन बंद असतानाच करावयाची, हे पुन्हा बजावून सांगतो.

रोग ठरल्यावर बाहेरून आत जावे. लिव्हर, वायर, सळई, तेल, स्प्रिंगा आणि सर्वांत शेवटी तबकड्या, हा क्रम आहे. कारखान्याने नेमका उलटा क्रम धरला होता, कारण तबकड्या बदलता येतात आणि त्यांचे बिलही होते. वायरीकडे पाहण्याचे बिल होत नाही. लिव्हर ओढू लागताच पहिले दोन-तीन मिलिमीटर त्याने काहीच काम न करता सैल फिरावे. ही मोकळीक नसेल तर सळई सदैव थोडी दाबलेली राहते आणि स्प्रिंगांचा जोर तितका कमी होतो. माझ्या गाडीत ही मोकळीक बरोबर होती. निदान मला तसे वाटले. पुढे एका संध्याकाळी गाडी पुसताना हँडल सहज उजवीकडे पूर्ण वळविले आणि लिव्हरला बोट लागले. मोकळीक नाहीशी झाली होती!

उलगडा झाला. गाडी नवी करताना मूळच्यापेक्षा रुंद आणि उंच हँडल बसविले होते; वायर मात्र मूळच्या लांबीचीच राहिली होती. हँडल उजवीकडे वळले की डावी मूठ पुढे जाई, वायर ताणली जाई आणि कोणी लिव्हर न ओढताच क्लच अर्धवट सुटे. सरळ रस्त्यावर सारे ठीक. घाटातील उजव्या वळणावर घात. कारखान्यात हँडल सरळ ठेवूनच तपासणी होत असे, म्हणून दोष कोणास दिसला नाही.

मग सकाळच्या हिसक्याचे काय? घसरताना घर्षणाने उष्णता उत्पन्न होते. साखळीचे झाकण काढून पाहिले तेव्हा पोलादी तबकड्यांवर निळसर डाग पडलेले होते. आरशाच्या सपाट काचेवर एकेक ठेवून कडेने दाबून पाहिली. एक डुलत होती. वाकडी तबकडी शेजारणीपासून पुरती अलग होत नाही, म्हणून क्लच सुटेना. एकाच वायरीने प्रथम एक रोग उत्पन्न केला आणि त्या रोगाने त्याच्या विरुद्ध असा दुसरा. तेलही तपासले. मोटारीसाठीच्या काही आधुनिक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती ओल्या क्लचला घातक ठरतात. मोटरसायकलीच्या ओल्या क्लचसाठी जासो एमए अशी खूण असलेले तेल घ्यावे. रात्रभर उभ्या गाडीच्या तबकड्या तेलाने एकमेकींस चिकटतात. त्यासाठी सकाळी लिव्हर ओढून दोन-चार किका माराव्या आणि मगच इंजिन सुरू करावे. हा रोग नव्हे, स्वभाव आहे.

या साऱ्यातून मी एक धडा घेतला. झिजलेल्या जुन्या गाडीत दोष बहुधा झिजेत असतो; नव्याने उभारलेल्या जुन्या गाडीत तो बहुधा उभारणीतच असतो. पन्नास वर्षे एकत्र नांदलेले भाग आपण वेगळे करतो आणि त्यांच्या जोडीस अनोळखी भाग आणून बसवितो. तेव्हा ‘काय झिजले?’ असे विचारण्यापूर्वी ‘आपण काय बदलले?’ असे विचारावे. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला असता तर दोन वेळच्या तबकड्या वाचल्या असत्या.

लांब वायर आणि नव्या तबकड्या 2020 सालच्या ऑक्टोबरात मिळाल्या. पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा पसरणीचा घाट चढलो. त्या उजव्या वळणावर मी नकळत श्वास रोखला. इंजिनाचा ठोका बदलला नाही. पाचगणीस पोचल्यावर वडिलांनी उतरून स्वतः हँडल उजवीकडे वळविले, लिव्हरला बोट लावून पाहिले आणि मान डोलावली. वर्षानुवर्षे त्यांनी ती गाडी चालविली होती; त्यांस हे आधीच विचारावे, एवढे मात्र मला सुचले नव्हते.