टाक्यातलं पाणी आकाशातून दिसत नाही

सह्याद्रीत भटकणाऱ्याला नकाशात आधी वाट हवी असते आणि मग पाणी. उपग्रहाच्या चित्रात दोन्ही नीट सापडत नाहीत. कारवीच्या रानात पायवाट झाकून जाते. कातळात खोदलेलं टाकं दिसलंच, तरी त्यातलं पाणी पिण्याजोगं आहे का, हे तिथे जाऊन आलेल्यानेच सांगावं लागतं. असं सांगायची सोय 'ओपनस्ट्रीटमॅप'वर आहे, म्हणून तो नकाशा मला आपला वाटतो.

ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट याने तो २००४ साली सुरू केला. तिथले सरकारी नकाशे उत्तम होते, पण वापरायचे तर पैसे आणि अटी. मग लोकांनीच जीपीएस घेऊन रस्ते नोंदवायला सुरुवात केली. आज खातं उघडून कुणीही त्यात भर घालू शकतं, आणि श्रेय देऊन कुणीही तो वापरू शकतं.

खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर जाताना मी मोबाइलवर ट्रॅक चालू ठेवते. घरी आल्यावर तो उपग्रहचित्रावर ठेवून वाटेची रेघ ओढायची, टाक्याच्या जागी बिंदू द्यायचा आणि त्याला माहिती जोडायची: पाणी हंगामी, पिण्यायोग्य नाही. मराठी नावासाठी वेगळा रकाना असतो. वाडीचं नाव मी तिथल्याच एखाद्या मावशींना विचारून घेते. दुसऱ्या नकाशावरून नाव उचलायचं नाही, हा इथला कडक नियम आहे आणि तो मला मनापासून पटतो.

१२ जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर हैतीच्या पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते जगभरच्या स्वयंसेवकांनी याच नकाशावर घरबसल्या रेखाटले आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. मला मात्र काठमांडूचं काम अधिक मोलाचं वाटतं. 'काठमांडू लिव्हिंग लॅब्ज'च्या तरुणांनी तिथल्या शाळा आणि रुग्णालयं २०१५च्या भूकंपाआधीच नकाशावर आणून ठेवली होती.

आपल्या गडांवरच्या बऱ्याच नोंदी पावसाळ्यात नाहीतर हिवाळ्यात होतात, कारण गर्दी तेव्हाच असते. त्या वेळी काठोकाठ भरलेलं टाकं मे महिन्यात ठणठणीत कोरडं असू शकतं, आणि नकाशावर भरवसा ठेवून रिकामी बाटली घेऊन वर आलेल्याचे हाल होतात. नोंद केव्हा तपासली, ती तारीख टाकायची सोय या नकाशात आहे. भर उन्हाळ्यात गड चढणाऱ्यांनी ती जरूर वापरावी, ही माझी कळकळीची विनंती.