बशीतली टीप आणि बिलातले सेवाशुल्क

हॉटेलात जेवण झाल्यावर बडीशेपेच्या बशीत वेटरसाठी ठेवले जाणारे पैसे, म्हणजे टीप, आणि बिलाच्या तळाशी छापून येणारे सेवाशुल्क, म्हणजे मालकाने बिलाच्या ठरावीक टक्क्यांनी आकारलेली जादा रक्कम, या दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकच समजल्या जातात. वस्तुतः पहिली गिऱ्हाइकाच्या मर्जीने दिली जाते, तर दुसरी मालकाच्या गल्ल्यात जमा होते आणि तिच्यातले नोकरांपर्यंत किती पोहोचते, हे गिऱ्हाइकाला कळण्यास मार्ग नसतो. २०१७ पूर्वी हॉटेलच्या बिलावर सरकारी सेवाकरही लागत असल्यामुळे सेवाशुल्क हाही करच असावा, असा समज रुजला. तो चुकीचा आहे. सरकारजमा होतो तो वस्तू व सेवा कर, आणि बहुतेक साध्या उपाहारगृहांत त्याचा दर ५ टक्के असतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सेवाशुल्क बिलात आपोआप जोडता येत नाही, दुसऱ्या नावाने वसूल करता येत नाही आणि ते नाकारणाऱ्याला प्रवेशही नाकारता येत नाही. उपाहारगृहांच्या संघटनांनी त्यांना आव्हान दिले, काही काळ स्थगितीही मिळाली. परंतु २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ही तत्त्वे ग्राह्य ठरवली. तेव्हा असे शुल्क दिसल्यास ते काढून टाकण्यास सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, आणि मालकाने नकार दिल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

शुल्क काढायला लावणाऱ्याने वेटरला मात्र विसरू नये. अमेरिकेत संघीय कायद्यानुसार टीप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यावयाचे रोख वेतन १९९१ पासून ताशी अवघे २.१३ डॉलर इतके कमी असू शकते, म्हणून तिथे टीप हा जवळजवळ पगाराचाच भाग ठरतो; आपल्याकडे किमान वेतनातून टीप वळती करण्याची अशी सोय नसली, तरी गावाकडे पैसे धाडणाऱ्या माणसाला तिचा आधार मोठा असतो. साध्या हॉटेलात उरलेले सुटे पैसे, मोठ्या ठिकाणी पाच ते दहा टक्के, असा ढोबळ रिवाज दिसतो. मोबाइलवरून पैसे चुकते होऊ लागल्यापासून हे सुटे पैसेच उरत नाहीत, आणि बिलाबरोबर जादा भरलेली रक्कम मालकाच्या खात्यात जाते; म्हणून जेवायला निघताना खिशात थोडी रोकड ठेवावी, ती वेटरच्या हातात द्यावी, आणि जेवण विशेष आवडले असेल तर आचाऱ्याचा व भांडी घासणाऱ्याचा वाटा त्यात आहे, हेही त्याला सांगावे.