परदेशातील शिक्षण आणि विद्यार्थी-व्हिसाची वैध स्थिती : ग्रामीण महाविद्यालयातील प्राध्यापकांची भूमिका

१. प्रास्ताविक

श्रीपूर हे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील साखर कारखानदारीचे गाव. या परिसरातील शेतकरी कुटुंबांतील मुलेमुलीही आज अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया या देशांतील विद्यापीठांचा विचार करू लागली आहेत. कोणी बँकेचे शैक्षणिक कर्ज काढतो, कोणाच्या वडिलांची शेतजमीन तारण पडते, तर कोणी महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करतो. प्रवेश मिळाला व व्हिसा हाती आला की सर्व कठीण टप्पे संपले, असे विद्यार्थी, पालक आणि पुष्कळदा आपण प्राध्यापकही समजतो. वस्तुतः व्हिसा मिळाल्यानंतरच कायदेशीर जबाबदारीचा खरा आरंभ होतो. ही जबाबदारी नेमकी कोणती, ती पार पाडण्यात आपले विद्यार्थी कोठे चुकू शकतात आणि त्यात प्राध्यापकाने काय करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचनासाठी प्रामुख्याने अमेरिकेची एफ-१ व्यवस्था विचारात घेतली असून अन्य देशांचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा विद्यार्थी-व्हिसा ही गोष्टच अस्तित्वात नव्हती. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांच्यावरील बंधने होती ती शिष्यवृत्तीच्या कराराची. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. मात्र खंड पडलेला अभ्यास चार वर्षांच्या आत पुन्हा सुरू करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. त्या परवानगीच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. पदवी संपादन केली. खंड अटळ असला तरी तो नियमाच्या चौकटीत बसवून घ्यावा, हा धडा आजच्या विद्यार्थ्यालाही तंतोतंत लागू पडतो.

अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतर कायद्याने विद्यार्थ्याची स्वतंत्र व्याख्या केली. विद्यार्थ्याने शिक्षण थांबविल्यास तसे शासनास कळविण्याचे बंधन त्याच कायद्याने शिक्षणसंस्थेवर घातले. १९५२ च्या कायद्याने आजचा ‘एफ’ वर्ग निर्माण झाला आणि २००३ पासून ‘सेव्हिस’ या संगणकीय नोंदप्रणालीद्वारे प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती संस्थेकडून शासनाकडे जाऊ लागली. म्हणजेच विद्यापीठ हे ज्ञान देणारे जसे, तसेच नोंद कळविणारेही असते. हे दुहेरी स्वरूप आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचे नसते.

३. व्हिसा आणि स्थिती : संकल्पनांतील भेद

व्हिसा म्हणजे देशाच्या दारापर्यंत जाऊन प्रवेश मागण्याची अनुज्ञा. तर ‘स्थिती’ म्हणजे आत गेल्यानंतर ज्या अटींवर राहू दिले जाते, त्या अटींचे दैनंदिन पालन. पासपोर्टवरील व्हिसाची तारीख उलटली, तरी आय-२० प्रमाणपत्र चालू असून अटी पाळल्या जात असतील, तर अमेरिकेत राहून शिकणाऱ्याची स्थिती बाधित होत नाही. केवळ देशाबाहेर जाऊन परतताना सामान्यतः नवा व्हिसा लागतो. याउलट व्हिसा पाच वर्षांचा असला, तरी अटीचा भंग होताच स्थिती संपुष्टात येऊ शकते. ‘व्हिसा अजून शिल्लक आहे’ हे समाधान त्यामुळे फसवे ठरते.

४. स्थिती टिकविण्याच्या प्रमुख अटी

(अ) पूर्ण अभ्यासक्रम : पदवीच्या विद्यार्थ्याने प्रत्येक नियमित सत्रात साधारणतः किमान १२ क्रेडिट घेणे बंधनकारक असते. पदव्युत्तर स्तरावर हे प्रमाण संस्था ठरविते. या हिशेबात दूरस्थ वर्गाचा एकच विषय, म्हणजे फार तर ३ क्रेडिट, धरले जातात. आजारपण किंवा सुरुवातीच्या अभ्यासविषयक अडचणींमुळे विषय कमी करता येतात. परंतु त्यासाठी संस्थेतील नियुक्त अधिकाऱ्याची, म्हणजे डी.एस.ओ.ची, पूर्वसंमती लागते.

(आ) नोकरी : सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्यास २० तासांपर्यंत काम करता येते. आवाराबाहेरील काम पूर्वपरवानगीशिवाय निषिद्ध आहे. एखाद्या उपाहारगृहात वा पेट्रोल पंपावर रोख पैशांवर केलेले थोडे दिवसांचे कामही गंभीर भंग समजले जाते.

(इ) माहिती अद्ययावत ठेवणे : निवासाचा पत्ता बदलल्यास दहा दिवसांत कळवावा लागतो. पासपोर्ट वैध ठेवावा लागतो. अभ्यासक्रम लांबणार असेल, तर आय-२० ची मुदत संपण्यापूर्वीच ती वाढवून घ्यावी लागते. विद्यापीठ बदलताना सेव्हिसमधील नोंद रीतसर हस्तांतरित करून घ्यावी लागते.

(ई) पदवीनंतरचा काळ : ओ.पी.टी. या सवलतीखाली अभ्यासाशी संबंधित काम १२ महिने करता येते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या पदवीधरांना आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मिळू शकते. पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा अधिक काळ बेकार राहिल्यास स्थिती धोक्यात येते.

आय-९४ या प्रवेशनोंदीवर निश्चित तारखेऐवजी ‘स्थिती टिकेल तोवर’ या अर्थाचा शेरा देण्याची पद्धत अनेक वर्षे चालत आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी शासनाने त्याऐवजी निश्चित मुदत देण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला. यावरून नियम बदलत असतात हे स्पष्ट होते. जाण्यापूर्वी व गेल्यानंतरही प्रत्येक नियम अधिकृत संकेतस्थळावर व डी.एस.ओ.कडे पडताळून पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

५. अन्य देशांतील अटी

तपशील भिन्न असले तरी तत्त्व सर्वत्र एकच आहे. इंग्लंडमध्ये पूर्णवेळ पदवी स्तरावरील विद्यार्थ्यास सत्रकाळात सामान्यतः आठवड्यास २० तास, तर ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून पंधरवड्यास ४८ तास काम करता येते. जर्मनीने मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस ही मर्यादा ठरविली. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून आवाराबाहेरील कामाची मर्यादा आठवड्यास २४ तास झाली आणि संस्था बदलण्यासाठी नवे अनुमतिपत्र आवश्यक ठरले. एका देशातील मित्राने सांगितलेला नियम दुसऱ्या देशात लागू करणे, हे त्यामुळे चुकीचे ठरते.

६. संस्थेची निवड आणि स्थिती

विद्यार्थी निर्दोष असूनही संस्थेमुळे अडचणीत येऊ शकतो. जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर कारवाई झाली. तेथील बहुसंख्य विद्यार्थी भारतीय होते व त्यांपैकी काहींच्या पायाला माग ठेवणारी यंत्रे बसविण्यात आली. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना रद्द झाला आणि शिकत असलेल्यांवर दुसरी संस्था शोधण्याची वेळ आली. २०१९ मध्ये मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठ हे तपास यंत्रणेनेच उभारलेले बनावट विद्यापीठ असल्याचे उघड झाले आणि १२९ भारतीय विद्यार्थ्यांना अटक झाली. तेथे वर्गही नव्हते व अध्यापकही नव्हते. जेथे वर्गात न बसता पहिल्या दिवसापासून नोकरीचे आमिष दाखविले जाते, तेथे सावध व्हावे.

याला दुसरी बाजूही आहे. २०२५ च्या वसंत ऋतूत अमेरिकेत हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद करण्यात आल्या. त्यांपैकी अनेकांची प्रकरणे किरकोळ वाहतूक-गुन्ह्यांची होती. न्यायालयीन दाव्यांनंतर एप्रिलच्या अखेरीस शासनाने नोंदी पूर्ववत करण्याचे जाहीर केले. शासनाकडूनही चूक होते. अशा वेळी विद्यार्थ्याजवळ जपून ठेवलेली कागदपत्रेच त्याच्या बाजूने बोलतात.

७. आपल्या व्यवस्थेची सवय : अडचणीचे मूळ

नियमांचे अज्ञान हे अडचणीचे एक कारण आहे. परंतु आपल्या महाविद्यालयीन जीवनात जडलेली एक सवय हे अधिक खोल कारण आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आपल्याकडे विषय राहिला तर ए.टी.के.टी. असते, उपस्थिती कमी पडली तर सत्राअखेरीस वैद्यकीय दाखला जोडून ती माफ करून घेता येते, परीक्षा अर्जाची तारीख चुकली तर विलंब शुल्क भरता येते. आधी घडते, मग अर्ज होतो. ग्रामीण विद्यार्थ्याच्या शेतीच्या हंगामाचा व घरच्या अडचणींचा विचार करता ही व्यवस्था माणुसकीचीच आहे, यात शंका नाही. परंतु ती ‘नंतर मिटवता येते’ असा संस्कारही करते. विद्यार्थी-स्थितीच्या कायद्यात हा क्रम नेमका उलट आहे : आधी परवानगी, मग कृती.

समजा, आपला एक विद्यार्थी दुसऱ्या सत्रात आजारी पडला व त्याने फोनवरून आपला सल्ला घेतला. ‘तब्येत सांभाळ, एक-दोन विषय पुढच्या सत्रात कर,’ असे आपण मायेने सांगू. त्याने त्याच दिवशी विषय सोडले आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आठवड्याने डी.एस.ओ.कडे दिले, तर आजार खरा असूनही त्याची स्थिती भंग पावलेली असू शकते. तोच विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन आधी डी.एस.ओ.कडे गेला असता, तर हीच सवलत कायद्याने मिळाली असती. स्थिती पुनःस्थापित करण्याचा मार्ग कायद्यात आहे. पण तो सामान्यतः भंगानंतर पाच महिन्यांच्या आत अर्ज केल्यास आणि अनधिकृत नोकरी केलेली नसल्यासच खुला असतो व त्याची खात्री नसते.

८. प्राध्यापकांची भूमिका

शिफारसपत्र देताना प्राध्यापकास विद्यार्थ्याशी निवांत बोलण्याची संधी मिळते. त्या प्रसंगी पुढील गोष्टी आवर्जून सांगाव्यात.

(१) परदेशात पोहोचताच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन डी.एस.ओ.ची ओळख करून घ्यावी.
(२) विषय सोडणे, संस्था बदलणे, काम स्वीकारणे व प्रवास करणे, या चार गोष्टींपूर्वी लेखी विचारणा करावी आणि उत्तर जपून ठेवावे.
(३) आय-२० च्या सर्व प्रती, शुल्काच्या पावत्या, वेतनचिठ्ठ्या व वैद्यकीय कागदपत्रे यांची एक धारिका करावी.
(४) खर्चाचा ताळेबंद आवाराबाहेरील कमाई गृहीत धरून मांडू नये. पैशाची चणचण हेच अनधिकृत कामाकडे ढकलणारे कारण ठरू शकते; म्हणून पालकांनाही या चर्चेत सामील करून घ्यावे.
(५) अडचण आल्यास संकोच न करता कळवावे. मात्र आपण प्राध्यापकांनी स्वतः कायदेशीर सल्ला देऊ नये. विद्यार्थ्यास तातडीने डी.एस.ओ.कडे किंवा स्थलांतर कायद्याच्या वकिलाकडे पाठवावे.

९. समारोप

वैध स्थिती गमावलेल्या विद्यार्थ्याची पदवी अपुरी राहते, पुढील व्हिसाची वाट बिकट होते आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. त्याचा भार परदेशातील त्या एका मुलावर नव्हे, तर गावाकडील संपूर्ण कुटुंबावर पडतो. हे अरिष्ट बहुधा एखाद्या लेखी विचारणेने टळू शकते. विषयाच्या ज्ञानाइतकीच ही एक शिस्त विद्यार्थ्याच्या अंगी बाणविली, तर आपण दिलेले शिफारसपत्र खऱ्या अर्थाने सार्थकी लागेल.