चाकांवरचा पार : साठीनंतरच्या सायकल-सहलींविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

आदिलाबाद आणि किनवट यांच्या अधेमधे तलमडुगु येतं. राज्य तेलंगण, पण चहाच्या टपरीवर तेलुगू, मराठी आणि गोंडी एकाच बाकावर बसतात. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन आणि गावागावांना जोडणारे आतले रस्ते. तेलंगणात सरकारी नोकरीतून आता 61व्या वर्षी निवृत्ती मिळते, सीमेपलीकडे महाराष्ट्रात बहुतेकांना 58व्या. त्यानंतर गुरुजी, पोस्टमास्तर, वायरमन सकाळी पारावर भेटू लागतात. ज्यांची निम्मी नोकरी सायकलवर झाली, त्यांच्यापैकी कुणीतरी एक दिवस म्हणतो, ‘‘चला रे, सायकली काढू. शेजारच्या गावी चहा पिऊन येऊ.’’ लगेच घरून आणि पारावरून हरकती सुरू होतात. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज : या वयात कुठली आली सायकल!

वस्तुस्थिती : फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांनी साठी उलटल्यावर पुन्हा नेमानं सायकल धरली. वयाच्या 100व्या वर्षी, 2012 मध्ये, त्यांनी एका तासात 24 किलोमीटरांहून थोडं जास्त अंतर कापलं. 2014 मध्ये, 102व्या वर्षी, तेच अंतर जवळपास 27 किलोमीटर झालं. मधल्या काळात त्यांनी शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली सराव केला होता. सगळेच मार्शां होत नाहीत, पण शरीर सरावाला म्हातारपणीही दाद देतं, एवढं यातून कळतं. तलमडुगुच्या मंडळींना तर तासाला दहा-बारा किलोमीटर पुरेत. अट एकच : दहा-वीस वर्षं सायकलला हात लावला नसेल, तर पहिले आठ दिवस शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारा. तोल विसरत नाही, पण ब्रेक दाबण्याची चपळाई मंदावलेली असते.

गैरसमज : सायकलनं गुडघे झिजतात.

वस्तुस्थिती : सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीटवर असतं, त्यामुळे गुडघ्यांवरचा भार चालण्यापेक्षा कमी होतो. अमेरिकेत 2,607 लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधी ना कधी सायकल चालवलेल्यांमध्ये गुडघेदुखीचं प्रमाण इतरांपेक्षा 17 टक्क्यांनी कमी आढळलं. सायकलमुळेच तसं झालं, असं अशा पाहणीतून सिद्ध होत नाही, पण ‘झिजतात’ या म्हणण्याला त्यात आधार नाही.

मग सायकल चालवून गुडघे दुखतात ते का? बहुतेक वेळा सीट खाली असते म्हणून. पडायची भीती वाटते, म्हणून दोन्ही पाय सपाट जमिनीला टेकतील इतकी सीट आपण खाली बसवतो. मग पायडल वर आलं की गुडघा फार दुमडतो आणि वाटीजवळ कळ येते. उपाय पाच मिनिटांचा आहे. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय जेमतेम सरळ झाला, कंबर एका बाजूला कलली नाही, म्हणजे उंची बरोबर. चालवताना टाचेऐवजी पंजा पायडलवर आला की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप राहतो. पान्यानं नट घट्ट करा. थांबताना सीटवर बसून पाय शोधू नका, पुढे सरकून खाली उतरा.

एक मात्र खरं : सायकलनं हाडं मजबूत होत नाहीत. त्यासाठी पायी चालणं आणि थोडं वजन उचलणं चालूच ठेवावं लागतं.

गैरसमज : गिअरची महागडी सायकल हवी.

वस्तुस्थिती : सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटरांसाठी अडगळीतली जुनी काळी सायकल चालते. टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर बदला, चेनला ऑइल द्या, झालं. गिअर चढावर कामाला येतात. चढ आला की उतरून हातात धरून चाला, त्यात कमीपणा कसला? ज्यांना तेही जड जातं, त्यांच्यासाठी बॅटरीची सायकल आहे. 250 वॉटच्या आतली आणि ताशी 25 किलोमीटरांहून कमी वेगाची असेल, तर तिला लायसन्स लागत नाही, नोंदणीही लागत नाही.

गैरसमज : बिनदांड्याची सायकल बायकांची.

वस्तुस्थिती : या वयात चालत्या सायकलवरून पडण्याबरोबरच चढता-उतरतानाही धोका असतो. कंबर आखडलेल्या माणसानं कॅरिअरवरून पाय टाकायचा, तोही मागे पाण्याची पिशवी बांधलेली असताना, म्हणजे तोल जाणारच. ‘लेडीज’ सायकलीत पाय समोरून सहज आत जातो. लाजेपायी मांडीचं हाड मोडून घेण्यात शहाणपण नाही. शिवाय हीच सायकल असली, की साडीतल्या निवृत्त बाईंनाही बरोबर येता येतं.

गैरसमज : धाप लागली नाही, तर व्यायाम कसला?

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेनं 65 वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला घड्याळ नको. पायडल मारताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. अभंग सुरात जमतोय, तर थोडा वेग वाढवा. वाक्य अर्ध्यात तुटतंय, तर कमी करा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडीचा वेग दबलेला राहतो. अशांना नाडी मोजण्यापेक्षा ही बोलण्याची खूण जास्त भरवशाची. गप्पा मारत जाणारी मंडळी आपसूकच योग्य वेगानं जात असतात.

गैरसमज : शुगर आहे, मग उपाशीपोटी चालवलेली जास्त चांगली.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत धोक्याचा समज. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटीच्या श्रमानं एकदम उतरू शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. निघण्याआधी थोडं खा, खिशात गुळाचा खडा किंवा साखर ठेवा आणि हे सोबत्यांनाही माहीत असू द्या. हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दाब किंवा जबडा-हातात कळ आली, तर ‘जरा पुढे जाऊन बघू’ म्हणायचं नाही. थांबायचं आणि 108 ला फोन करायचा.

गैरसमज : खेड्यातला रस्ता मोकळा, भीती कसली?

वस्तुस्थिती : रस्ता मोकळा असतो, म्हणूनच वाहनं वेगानं येतात. दसऱ्यानंतर कापसाचा हंगाम लागला, की ट्रॉल्या दोन्ही बाजूंनी फुगून येतात. ट्रॅक्टरवाल्याला मागचं दिसत नाही आणि मागच्याला त्याचा दिवा दिसत नाही. सोयाबीन डांबरावर वाळत घातलं असेल, तर त्या दाण्यांवर ब्रेक दाबला की सायकल घसरलीच, तिथे उतरून चालायचं. पावसात शेतरस्त्याला जाऊ नका. काळी माती टायरला धरते, मडगार्डात ठासून भरते, आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काडीनं माती उकरत बसावं लागतं. बाभळीच्या काट्यांसाठी पंपाबरोबर एक जादा ट्यूब ठेवा. थंडीत आदिलाबादचा पारा तेलंगणात सगळ्यांत खाली जाणाऱ्या ठिकाणांपैकी असतो. म्हणून कानटोपी हवी, आणि धुकं विरल्यावरच निघायचं. उन्हाळ्यात आठच्या आत घरी. हेल्मेटची सायकलला सक्ती नाही, तरीही घाला.

गैरसमज : घोळका करून जाणं म्हणजे रिकामटेकडेपणा.

वस्तुस्थिती : एकटेपणाची झळ जगात दर सहा माणसांमागे एकाला बसते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालात म्हटलं आहे. नोकरी सुटल्यावर पहिल्यांदा सुटतात ती रोज भेटणारी माणसं. घोळक्यात ती परत मिळतात, आणि कुणाचं औषध संपलंय, कुण्या घरी हल्ली बोलणं बंद आहे, हेही वाटेत कळतं. नाशिकचे सायकलस्वार सायकलनं पंढरपूरची वारी करतात, तिथेही रस्ता सोपा होतो तो सोबतीनं.

पण सोबतीचा एक नियम आहे : सगळ्यांत सावकाश चालवणाऱ्याला पुढे ठेवायचं आणि सगळ्यांत धडधाकट माणसानं शेवटी राहायचं. मोठ्या रस्त्यावर एकामागोमाग एक, वळणावर सगळे येईपर्यंत थांबायचं. निघालेले सगळे घरी पोचले, म्हणजे सहल चांगली झाली. किती किलोमीटर झाले, हे नंतर विचारा.

तेव्हा अडगळीतली सायकल आज बाहेर काढा. हवा भरा, दोन्ही ब्रेक दाबून बघा, टाच लावून सीट मापा. आणि पारावरच्या त्या मित्राला आजच निरोप द्या, जो ‘आता आपलं काय राहिलंय’ असं म्हणत असतो. पुढे त्यालाच ठेवा.