बारा सप्ताहांचं आयुष्य

यंदा श्रावणात आमच्या गावच्या देवळाची जुनी कोठी रिकामी केली. नेवासे तालुक्यातलं हे गाव. कोठीत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 1985 साली देवळाला दिलेलं व्हॉल्व्हचं मशीन होतं. आमच्या लाऊडस्पीकरच्या धंद्यात ॲम्प्लिफायरला मशीनच म्हणत. मी पोचेपर्यंत भंगारवाल्यानं ते वजनावर घेतलं होतं. ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याला भाव आला. काचेला भाव नाही म्हणून व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या, पायरीवरच फोडले. शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला, "त्यांचं आयुष्य कधीच सरलं होतं." ते वाक्य जिव्हारी लागलं. व्हॉल्व्ह म्हणजे आज आहे तर उद्या नाही अशी वस्तू, हे मी चाळीस वर्षं ऐकत आलो आहे, आणि ते खरं नाही.

फ्लेमिंगनं 1904 साली पहिला व्हॉल्व्ह केला, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये 1961 पासून ते बनू लागले, हे पुस्तकात सापडेल. माझं दशक 1974 ते 1984. बहात्तरचा दुष्काळ ओसरला होता, वाड्यावस्त्यांवर विजेचे खांब येत होते आणि लग्न म्हटलं की झाडाला कर्णा बांधलाच पाहिजे, असे ते दिवस. अण्णांकडे एक मशीन, चार कर्णे, दोन माईक आणि रेकॉर्ड प्लेअर. पौषात कोरठणचा खंडोबा, रंगपंचमीला मढी, नवरात्रात मोहटादेवी, मग लग्नसराई. बैलगाडीत खाली कडबा, वर गोधडी आणि गोधडीत मशीन. गाडीमागं मी चालत असे.

पण मशीनची खरी परीक्षा सप्ताहात. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, तसं आमचं मशीनही बंद होत नसे. पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत आवाज मोठा, मग पहाऱ्याच्या नामस्मरणाला बारीक. रात्री दहानंतर कर्णे बंद ठेवण्याचा नियम 2000 साली आला. तो योग्यच आहे. तेव्हा मात्र 168 तास व्हॉल्व्ह पेटते असत. अण्णांनी त्यावरूनच हिशोब बसवला होता. कर्ण्यांना ताकद देणारा मोठा व्हॉल्व्ह, आमच्याकडे ईएल 34, साधारण दोन हजार तासांचा धनी. म्हणजे बारा सप्ताह. माईकचा नाजूक आवाज उचलणारा छोटा ईसीसी 83 दहा हजार तासही जातो. म्हणजे साठ सप्ताह, माणसाची उमर.

प्रत्येक व्हॉल्व्हची नोंद अण्णा वहीत ठेवत: कधी बसवला, किती सप्ताह, किती लग्नं. त्या वहीनं मला एक गोष्ट शिकवली. सलग सात दिवस पेटलेला व्हॉल्व्ह सप्ताहानं थकत नसे. लग्नांनी थकत असे. लग्नात दहादा चालू-बंद. थंड तारेत एकदम वीज शिरते, तार ताणली जाते, काच तापते आणि निवते. त्यात गाडीचे हिसके. शिवाय आमची वीज! संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की दाब इतका पडे की व्हॉल्व्ह नीट लाल होत नसे. रात्री मोटारी थांबल्या की दाब उसळे. व्हॉल्व्हच्या पोटात कॅथोडवर बेरियम-स्ट्रॉन्शियमचा पातळ लेप असतो. तापला की तो इलेक्ट्रॉन सोडतो. कमी तापवून काम घेतलं तरी तो खराब होतो, जास्त तापवला तर लवकर सरतो.

नगरातला एक दुकानदार अण्णांना सांगे, दरवर्षी मोठ्या व्हॉल्व्हची जोडी बदलाच. दोन वर्षं आम्ही ऐकलं, कर्ज काढून बदलली. तिसऱ्या वर्षी नवी जोडीही महिनाभरात नको तितकी लाल तापू लागली, तेव्हा अण्णांनी मशीन उलटं केलं. दोष चार-आठ आण्यांच्या कपलिंग कंडेन्सरचा होता. तो गळत होता, ग्रिडवरचा बायस, म्हणजे व्हॉल्व्हचा लगाम, बिघडत होता आणि व्हॉल्व्ह फुकट जळत होते. कंडेन्सर बदलला आणि तीच जोडी पुढं तीन वर्षं चालली. ज्यांना आयुष्य सरलं म्हणून फेकलं, त्यांतले कितीतरी असेच मारलेले होते.

नीट वीज आणि बेताचं काम मिळालं तर काय होतं, याचा दाखला समुद्राच्या तळाशी आहे. अटलांटिकपार टेलिफोनची पहिली केबल 1956 साली सुरू झाली. तिच्यात आवाज पुढं ढकलायला व्हॉल्व्हच बसवले होते. ती 22 वर्षं, 1978 पर्यंत चालली. तिथं कोणी व्हॉल्व्ह बदलायला जात नव्हतं.

आणि व्हॉल्व्ह जाताना सांगून जातो. वरच्या टोकाचा चंदेरी डाग पांढरा पडला की आत हवा शिरली. पेन्सिलीनं टिचकी मारल्यावर कर्ण्यातून टणत्कार आला की आतले भाग सैल झाले. लेप सरत आला की आवाज हळूहळू बसतो. एका सप्ताहात पाचव्या रात्री एक म्हातारे टाळकरी माझ्यापाशी वाकून म्हणाले, "पोरा, महाराज दमलेत का तुझं मशीन दमलंय?" वही पाहिली. डावा व्हॉल्व्ह अकराव्या सप्ताहात होता. त्या माणसाला व्हॉल्व्ह म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. कान मात्र होता.

पुढं ट्रान्झिस्टर आला, कॅसेटी आल्या, वजन हलकं झालं. त्या वर्षांविषयी मला फार बोलायचं नाही. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे आणि मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात. घरांच्या काचा थरथरतात, तान्ही मुलं दचकून उठतात आणि लावणारा माणूस ट्रकमागं झोपलेला असतो. यंदाच्या सप्ताहातही तेच झालं. आवाज फाटत होता, कीर्तनाचे शब्द कळत नव्हते आणि मशीनपाशी कोणी नव्हतं.

व्हॉल्व्ह किती टिकतो, याचं उत्तर अण्णांच्या वहीत आहे: त्याच्याजवळ कोण बसलंय यावर. मशीन गेलं, ते परत येणार नाही. पण सप्ताहात पहाऱ्याची यादी फळ्यावर लिहितात, दोन-दोन तासांची नावं. पुढच्या वर्षी त्या फळ्यावर आणखी एक रकाना आखा, मशीनपाशी बसून ऐकणाऱ्यांचा. पहिलं नाव माझं लिहा.