समुद्रकाकडीचे पाळणाघर

'समुद्रकाकडी' हे नाव ऐकून एखाद्याला कोशिंबीर आठवली, तर त्याला दोष देता येणार नाही. आम्हा कला शाखेच्या मंडळींचे शास्त्र बेताचेच! पण ही काकडी म्हणजे तारामाशाच्या नात्यातला एक कंटकचर्मी प्राणी. वाळू गिळावी, तीतले सेंद्रिय कण पचवावेत आणि उरलेली वाळू मागे टाकावी, हा तिचा दिनक्रम. मन्नारच्या आखातातले तमिळ कोळी तिला 'कडल अट्टै' म्हणजे समुद्रजळू म्हणतात. उकडून वाळवलेल्या समुद्रकाकडीला चिनी खवय्ये मोठी किंमत देतात आणि तिथेच तिचे दैव फिरले.

नर व मादी आपापली बीजे पाण्यात सोडून देतात. त्यांचे मीलन पाण्यातच होते. उपसा होऊन शेजारी विरळ झाले की लाखो अंडी वाया जातात. तेव्हा मीलन टाकीत घडवून आणावे, हा विचार पुढे आला. तुतिकोरीन येथे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या डॉ. डी. बी. जेम्स व त्यांच्या सहकाऱ्यांना १९८८ साली 'होलोथुरिया स्कॅब्रा' या जातीच्या बाबतीत ते साधले.

युक्ती साधी आहे. टाकीतल्या पाण्याचे तापमान तीन ते पाच अंशांनी वाढवायचे. नर प्रथम अंगाचा पुढचा भाग उचलून डोलू लागतात आणि पांढऱ्या धाग्यासारखे शुक्र सोडतात. त्यानंतर माद्या अंडी उधळतात. एकेका मादीची अंडी दहा लाखांच्याही पुढे जातात.

खरी कसोटी पुढे आहे. सुमारे दोन दिवसांत कानाच्या पाळीच्या आकाराचा पारदर्शक 'ऑरिक्युलेरिया' डिंभ तयार होतो. त्याला सूक्ष्म शैवाल भरवावे लागते. कमी पडले तर तो उपाशी मरतो, जास्त झाले तर पाणी नासते. पाणी बदलताना चाळणी धरावी लागते, नाहीतर बाळेच पाण्याबरोबर वाहून जायची! कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव टाकीत शिरले, तर ते त्यांचे अन्नही पळवतात आणि त्यांना इजाही करतात. डिंभाच्या अंगात काचेसारखे गोळे दिसू लागले की पोटाची बेगमी झाली असे समजावे. मग तो आकसून पिंपासारखा 'डोलिओलेरिया' होतो. या अवस्थेत तो काहीच खात नाही. पंधरवड्याच्या सुमारास पाच स्पर्शकांचा 'पेंटॅक्टुला' होऊन तो बूड टेकायला जागा शोधू लागतो. समुद्रात ती समुद्रगवताच्या पानांवर मिळते. टाकीत शैवालाचा थर चढवलेल्या पट्ट्या ठेवाव्या लागतात. लाखांतून इथवर पोचणारे थोडेच.

पुढे सॉलोमन बेटे, व्हिएतनाम, मादागास्कर येथेही याच जातीची पिल्ले तयार होऊ लागली. आपल्याकडे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्रकाकडी पकडण्यावर बंदी आली. तस्करी चालूच आहे. पकडला जातो तो बहुधा होडीवरचा गरीब कोळी. बंदी हवीच, असे माझे मत आहे. परंतु जिथे नर आणि मादी एकमेकांपासून फार दूर पडले आहेत, तिथे बंदीने ते जवळ कसे यावेत? तिथे टाकीत वाढलेली पिल्लेच नेऊन सोडावी लागतील.